लोकर म्हणजे गरम

४ जानेवारी

झालं! मिक्सरचं कव्हर झालं. जुन्या रेनकोटचं, आत फ्लॅनेलचं अस्तर. आता या घरात उघडं म्हणावं असं फक्त मांजर उरलंय, आणि तेही शेजारचं.

समोरच्या मास्तरीणबाई साखर मागायला आल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. "अहो वहिनी, तुमच्याकडे आलं की मलाच उघड्यावर आल्यासारखं वाटतं हो! डबेसुद्धा अंगभर कपडे घालून बसलेत." एवढ्यावर थांबतील तर मास्तरीणबाई कसल्या! "आता आकाशाला गवसणी घालायची तेवढी राहिली."

म्हटलं, कापड आणून द्या, तीही घालते. मखमलीचा डबा काढला, साखर दिली. मनात म्हटलं, हसून घ्या पोटभर.

६ जानेवारी

कुणाशी बोलायचं नाही असं आमचं ठरलंय. लिहायचं नाही असं काही ठरलेलं नाही. म्हणून लिहिते.

यांना दिसत नाही. अगदीच नाही असं नाही. समोरचं, अगदी मधलं तेवढं दिसतं, कुलपाच्या भोकातून बघावं तसं. कडेचं सगळं गेलंय. काचबिंदू. दोन वर्षं झाली कळून. गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती थेंबांनी राखायची, असं डॉक्टर म्हणाले. आता मधलंही पुसट व्हायला लागलंय.

निघताना ते हेही म्हणाले होते – "रक्तात असतं हे, मुलांचेही डोळे तपासून घ्या बरं का." हो हो म्हटलं. पण आमच्या चिरंजीवांना डोळे तपास म्हणायचं, तर का ते सांगायला नको? आणि ते सांगितलं की संपलंच! सामान बांधा, चला माझ्याकडे. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. वरची खोली आमच्यासाठी कधीची रंगवून ठेवलीय. आणि त्याला काय धाड भरलीय? अजून साधा चष्मासुद्धा नाही. सांगू सावकाश.

हे मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "आंधळं व्हायचंच असेल तर माझ्या घरात होईन. इथलं मला पाठ आहे. दुसऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून आंधळं व्हायचं नाही मला."

बस्स. त्या दिवशी मशीनला तेल घातलं.

७ जानेवारी

कालचं अर्धंच राहिलं. कव्हरांची कल्पना माझी नाही, यांची. आयुष्यभर छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले यांनी. प्रत्येक अक्षराचा खण ठरलेला असायचा, हात न बघता तिथेच जायचा. "तू मला प्रत्येक वस्तूला बोटाला कळेल असं काहीतरी घाल," म्हणाले. "पुढचं मी जुळवतो."

तर साखरेला मखमल, मिठाला गोणपाट. चहाच्या डब्याला कॉर्डरॉय. रिमोटच्या खोळीला वरच्या टोकाला बटण, म्हणजे उलटा धरला जाणार नाही. थेंबांच्या दोन बाटल्यांना दोन टोपरी – सकाळच्या थेंबांना एक गाठ, रात्रीच्यांना दोन. गॅसच्या बटणांना काही घालता येत नाही, तिथे बाजूला भिंतीवर दोऱ्याची फुलं चिकटवलीत.

आणि सगळ्यात मोठा नियम – लोकर म्हणजे गरम. लोकर हाताला लागली की सावध व्हायचं. दोन थर्मास आहेत, जोडीने घेतलेले, एकाच मापाचे. बाहेरून दोन्ही थंडगार, आत एकात उकळतं पाणी. त्याला लोकरीचा अंगरखा. थंड पाण्याच्या थर्मासला धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती.

प्रत्येक कव्हर झालं की आधी मी डोळे मिटून तपासते. मगच यांच्या हातात. नापास झालेली कितीतरी आहेत, ती पायपुसण्यांच्या कामी येतात.

१५ जानेवारी

आज यांनी एकट्यांनी चहा केला. मला बाहेर बसवून! चहा पांचट झाला होता. दोन कप प्यायले.

२५ जानेवारी

चिरंजीव आणि सूनबाई जेवायला.

आल्या आल्या चिरंजीवांनी हॉलमधल्या स्टुलाला लाथ घातली. मग पाणी घेताना कोपराने ग्लास पाडला. लहानपणापासून धसमुसळा. बायको म्हणाली, "हल्ली रोज काहीतरी फोडतोस तू." तर तिच्यावरच खेकसला.

मग कव्हरांवर घसरला. "आई, हे जरा जास्तच होतंय हं! रिमोटला स्वेटर! लोकांना वाटेल तुला काहीतरी झालंय." म्हटलं, झालंय ना, वेड लागलंय, पुढे बोल. हे खाली मान घालून जेवत होते. मला ठाऊक होतं, हसू दाबत होते.

सूनबाईने तेवढ्यात केटलीची टीकोझी हातात घेऊन उलटून पालटून पाहिली. "टाके किती बारीक आहेत, आई!" बरं वाटलं. तिच्या घरात सगळं पांढरं आणि गुळगुळीत. कपाटांना मुठीसुद्धा नाहीत, दाबलं की उघडतात. चुकून भिंत दाबून उभी राहिले होते मी एकदा. असल्या घरात यांची बोटं काय वाचणार?

जाताना पुन्हा वरच्या खोलीचं टुमणं. आम्ही पुन्हा नाही. चिडला. आणि घाई! ऊन उतरायच्या आत गाडी काढायची असते त्याला हल्ली. रात्री चालवायचा कंटाळा येतो म्हणे. बापाला भेटायला आला आणि सगळं लक्ष घड्याळाकडे.

९ फेब्रुवारी

ताप. अक्षर वाकडं येतंय. हेच मला औषध देतायत. बरोबर बाटली, बरोबर चमचा!

१० फेब्रुवारी

मास्तरीणबाईंनी चोंबडेपणा करून मुलाकडे फोन केला. सूनबाई राहायला आली. डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, भात मऊ करून भरवला. भलती गुणी आहे पोर, हे कबूल करायला हवं. ताप आणखी चढलाय.

१२ फेब्रुवारी

ताप आहे, पण लिहिणार.

काल मी ग्लानीत पडले होते. सूनबाईने काय करावं? घर घासून पुसून काढलं. सगळी कव्हरं काढली, सगळी धुतली, वाळवली, इस्त्री केली आणि आज सकाळी पुन्हा घातली. तिला दिसली तशी. मखमल दिसायला छान, म्हणून चहाच्या डब्याला. लोकरीचा अंगरखा थंड पाण्याच्या थर्मासला, सुती उकळत्याला. बसला ना! दोन्हींचं माप एकच. एकाच कागदावरून बेतले होते मी, कापड वाचवायला. अक्कल गहाण ठेवली होती माझी.

थेंब घालायच्या आधी हे तळहातावर थंड पाणी घेऊन डोळ्यांवर मारतात. रोजचा नेम. सुती हाताला लागलं, झाकण काढलं, डाव्या हातावर ओतलं.

ती किंकाळी! मी तापात उठून धावले. डावा तळवा लालभडक. पाणी डोळ्यांपर्यंत गेलं असतं तर – नाही, नाही लिहिणार.

सूनबाई रडत होती, "बाबा, वाफ दिसली नाही का तुम्हाला?" आणि मग तिलाच कळलं. बर्फ लावता लावता यांच्या डोळ्यांसमोरून हात फिरवून पाहिला तिने. इकडून, मग तिकडून. मी अडवलं नाही.

हे तिला म्हणाले, "तुझी चूक नाही गं. छापखान्यात असं व्हायचं. खिळे परत टाकताना कुणी एक खण चुकला, की पुढचा जुळवणारा फसायचा. आणि डावा भाजलाय. खिळे उचलायचा उजवा शाबूत आहे."

१३ फेब्रुवारी

चिरंजीव आले. जमदग्नी!

"दोन वर्षं! दोन वर्षं माझ्यापासून लपवलंत? मी कोण आहे तुमचा?" मग माझ्याकडे वळला. "चिंध्या शिवून कुणाचं भलं होत नसतं, आई. सामान बांधा. आज, आत्ता."

ताप उतरला होता. उतरला नसता तरी बोललेच असते. म्हटलं, चिंध्या म्हणू नकोस. या चिंध्यांवर तुझा बाप दोन वर्षं कुणाचा हात न धरता घरात वावरतोय, आता चहासुद्धा स्वतःच्या हाताने करून पितोय. तुझ्या त्या गुळगुळीत घरात तो दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसून राहील, कुणीतरी पाणी आणून देईल याची वाट बघत. तसला प्रेमळ तुरुंग नको आम्हाला. हात माझ्या चुकीने भाजला, माप माझं चुकलं, ते मी सुधारीन. पण मी या घरातून हलणार नाही, आणि तुझ्या घरी राहायला येणार नाही. नाही म्हणजे नाही!

एवढं त्याला कधी बोलले नव्हते. मस्त वाटलं.

तो पुन्हा उसळणार, तेवढ्यात हे मधेच म्हणाले, "ते असू दे. डॉक्टरांनी तुझेही डोळे तपासायला सांगितलंय. रक्तात असतं म्हणे."

चिरंजीव एकदम थांबला. "कधी सांगितलं?"

"तेव्हाच. दोन वर्षांपूर्वी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. किल्ल्या उचलल्या, बायकोला हाक मारली, निघून गेला. दाराच्या चौकटीला खांदा आपटला जाताना.

रुसलाय. रुसू दे.

१७ फेब्रुवारी

फोन नाही. नसू दे.

सगळं उसवलं. नव्याने बेतलं. आता कुठलीही दोन मापं सारखी नाहीत. एकाचं कव्हर दुसऱ्यावर चढवायला कुणी गेलंच तर चढणारच नाही. गरम पाण्याचा थर्मासच बदलला, कडीवाला बुटका आणला आणि लोकर त्याच्या अंगावरच शिवून टाकली. धुवायची तर थर्माससकट धुवा! दरवाज्यावरच्या घंटीच्या बटणाला लालभडक लोकरीची चकती लावली. आता लपवायचं काय उरलंय? सगळ्या जिन्याला दिसू दे. दाराबाहेर गरम काही नाही, तिथे लोकर चालते.

मास्तरीणबाईंना खरं सांगितलं. संध्याकाळी आपला जुना स्वेटर उसवून, लोकरीचा गुंडा करून घेऊन आल्या. "गरमसाठी," एवढंच म्हणाल्या. यांनी त्यांना चहा करून दिला. भाजलेला हात फडक्यात बांधलेला, तरी सगळं एका हाताने! मास्तरीणबाई कप हातात धरून यांच्याकडे बघत राहिल्या, प्यायच्याच विसरल्या. "बाई, प्या की," हे म्हणाले. "बघण्यासारखं काही नाही. मीसुद्धा बघत नाही."

हसून हसून पुरेवाट.

२१ फेब्रुवारी

अजून फोन नाही. मी करणार नाही. आई असले म्हणून काय झालं?

सारखी ती चौकट आठवते. खांदा आपटला ती. आणि ते स्टूल. तो ग्लास. ऊन उतरायच्या आतली घाई.

नाही. काहीतरीच.

२२ फेब्रुवारी

मीच केला. सूनबाईने घेतला. "डॉक्टरांकडे गेलाय," म्हणाली, आणि फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

चिरंजीव आला. एकटा. बसने. बटणावरची लोकर चाचपून घंटी वाजवली.

उजव्या डोळ्याची कड गेलीय. डाव्याची थोडी. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थर्मासवरची लोकर अंगठ्याने चोळत बसून राहिला, आणि मग म्हणाला, "आई, माझ्या घराचं माप घ्यायला कधी येतेस?"

मशीनला गवसणी घातली. उद्या सकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे निघालोय. हे लोकरीची पिशवी मांडीवर घेऊन आत्तापासूनच तयार बसलेत.