आबांची म्हणतात ती पकड

आबा, तुमची पणती, म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी, लोकांना पाडायचा पगार घेते. नीट ऐका, पगार, महिन्याच्या महिन्याला. खेळाचं नाव रग्बी. तुमच्या वेळी नव्हता तो, निदान आपल्या वरंधला तरी नव्हता. असोल्या नारळासारखा लांबोडका चेंडू असतो, तो काखेत मारून धावायचं आणि समोरच्यांनी धरून आपटायचं. पंधराजणी इकडे, पंधराजणी तिकडे. चेंडू हाताने पुढं फेकायचा नाय, मागच्यालाच द्यायचा. हे मला अजून पटलेलं नाय, पण त्यांचा खेळ, आपण कोण बोलणार. इथं पोलादपुरात ओटीवर बसून मी थोरल्याच्या मोबाईलवर सगळं बघते. आनंदाने डोळ्यांत पाणी येतं. आणि खरं सांगू, पोटात आगही पडते. घरात बोलले तर सून म्हणेल, सासूबाई नातीवर जळतात. जळतेच मुळी. तुम्ही काय कुणाला सांगायला येत नाय, म्हणून तुम्हांला सांगते.

शाळेत होती तोवर इथंच कबड्डी खेळायची. कॉलेजसाठी मुंबईला आत्याकडं गेली, तिथं कबड्डीच्या मैदानावर एका सरांनी बघितली. म्हणाले, हा चेंडू घे आणि त्या टोकाला पळ. पळाली. कुणाच्या हाताला लागली नाय. मग राज्याकडून खेळली, मग देशाचा सदरा मिळाला, आणि आता एका थंड मुलखातल्या क्लबाने पगारावर ठेवली हाय. तिथं तिचे पाय चोळायला बाई हाय, आबा! मॅच झाली की ही पालथी पडते आणि ती चोळते. चिखलात घालायचे बूट वेगळे. आणि जेवणावर लक्ष ठेवायला एक माणूस. परवा फोनवर रडत होती, ओरडा बसला म्हणून. म्हटलं, काय केलंस गो? म्हणते, अंडी कमी खाल्ली. मी फोन सुनेकडं दिला आणि मागच्या दारी जाऊन बसले. आम्ही दुसऱ्या भाकरीला हात घातला की आई बघायची ते डोळे आठवले. चिखलात मी काय कमी पडले? सगळी भातलावणी चिखलात. कोण टाळ्या वाजवायला आलं होतं? मधी तिचा खांदा उतरला तेव्हा गळ्यात हात बांधून घरी आली होती. डॉक्टरने सांगितलेलं, महिनोन्‌महिने काही उचलायचं नाय. तिला नाचणीची आंबील पाजली, उशा रचून दिल्या, सगळं मायेनं केलं. पण उशी ठेवताना मनात येत होतंच की माझा खांदा उतरला तेव्हा वैदूने ओढून बसवला आणि दुसऱ्या दिवशी भाऱ्याखाली उभी केली मला.

बरं, पहिल्या दिवसांतली गंमत सांगायची राहिली. फोन आला, "आजी, आज मी ट्राय केला!" मी म्हटलं, "करत राहा गो बाय, आज ना उद्या जमेल." शेजारणीलाही सांगून आले, पोरगी बिचारी ट्राय करते हाय, अजून यश नाय. शेजारणीने मारुतीला नारळ बोलला. मग थोरल्याने समजावलं, आई, त्या खेळात रेषेपार जाऊन चेंडू जमिनीला टेकवला की त्यालाच ट्राय म्हणतात, तेच यश. बघा म्हणजे. आम्ही ट्राय करून काय मिळवलं ते आम्हांला ठाऊक, आणि हिच्या नुसत्या ट्रायचे गुण धरतात.

पण नातीवरची माझी आग दुधावरच्या सायीएवढी. खरी हाय ती तुमच्यावर. रागावू नका, ऐका.

तिची एक पकड नावाजलेली हाय. समोरची पळून हाताबाहेर गेली, आता संपलं, असं वाटतं तेवढ्यात ही आडवी झेप टाकते आणि तिच्या घोट्याला लटकते. भली धिप्पाड बाई झाडासारखी कोसळते. मोबाईलवर ते इंग्रजीत ओरडतात तेव्हा मला काही कळत नाय, पण ओरडतात. आणि महाडला थोरल्याचं खताचं दुकान हाय, तिथं जुनी माणसं येतात, तो व्हिडिओ बघतात आणि माना डोलवतात, "अरे, ही तर वरंधच्या आबांची पकड! रक्तातच हाय." थोरल्याने तुमचा फोटो माझ्या दादाच्या घरून आणून गल्ल्याच्या वर लावला, त्याला हार घातला. बाजूला पोरीचा फोटो. मधी कुणी नाय. मी दुकानात गेले की मला म्हणतात, "मावशे, भाग्यवान तुमचे वडील." मी हो म्हणते आणि चहा सांगते.

आबांची पकड! आठवतं का तुम्हांला, तो शिमगा? मुंबईकर गावी आलेत, दुसऱ्या दिवशी गाव विरुद्ध मुंबईकर हुतूतू ठरलाय, आणि पालखी बसते त्या सहाणेसमोर तुम्ही आपल्या पोरांची तालीम घेताय. मी परकरातली पोर, चहाची किटली घेऊन रेषेजवळ उभी. चुलत्याचा मुंबईचा मुलगा चढाईला आलाय, दादाला हूल देऊन तोंडाने हुतूतू हुतूतू करत, वर हसत परत चाललाय. त्या हसण्याचा मला राग आला. किटली खाली ठेवली आणि धरला त्याचा घोटा. तो तोंडावर पडला, दम तुटला, सगळी सहाण हसली. तुम्ही नाय हसलात. "सोड गो!" म्हणालात. मी सोडला नाय. "सोड म्हणतो ना बाय!" मग माझी बोटं तुम्ही एकेक करून उकललीत. संध्याकाळी चुलीपाशी आईला म्हणालात, "हिचे हात आवर, नायतर सासरचे हिला दावणीला बांधतील." मी शेंगा फोडत होते, मान वर केली नाय.

इथपर्यंत मी माफ केलं असतं. वडिलांनी बोलायचं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात होते आणि कुडाच्या पलीकडं तुम्ही दादाला शिकवत होतात, "पुढून नको जाऊस. त्याला जाऊ दे, आणि मागून घोट्याला लटक. काल बाय लटकली तशी लटक." काल बाय लटकली तशी! दादा लटकला. मुंबईकर हरले. दादाला खांद्यावर घेऊन नाचले, आणि कुणी तुम्हांला विचारलं, ही नवी पकड कुठली, तर तुम्ही मिशीत हसलात. नुसतं हसलात. त्या हसण्यावर ती पकड तुमची झाली ती आजतागायत तुमची.

गेल्या मॅचला पोरीने तीच पकड घातली आणि शिट्टी वाजली. पिवळं कार्ड, थोडा वेळ बाहेर बस. का, तर बाई पडल्यावर सोडली नाय. त्या खेळात पाडलं की लगेच सोडायचं असतं म्हणे, हुतूतूसारखं दम तुटेस्तोवर धरायचं नाय. थोरला कपाळाला हात लावून म्हणतो, "पणजोबांचा हट्ट, दुसरं काय." मी म्हटलं, "तुझे आजोबा सोड म्हणणारे होते रे. न सोडणारी कोण ते कधी विचारलंस?" त्याला वाटलं मी तिच्यासाठी रागावले.

आणि काल तिचा फोन आला. क्लबवाले तिच्यावर छोटी फिल्म काढतायत, ती पकड तिनं कुणाची उचलली ते विचारणार हायत, पडद्यावर नाव आणि फोटो येणार. थोरला आनंदाने म्हणाला, "पणजोबांचं सांग, फोटो दुकानात तयारच हाय." मी त्याच्या हातातून फोन घेतला. आबा, मेलेल्या बापाच्या हातचं काढून घेते हाय असं वाटलं. तरी म्हटलं, "बाय, ती पकड माझी हाय," आणि सहाणेपासून गोठ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती एवढी किंचाळली की मी फोन कानापासून लांब धरला. "आजी, तू आतापर्यंत गप्प का बसलीस गो? तुझा पकड घालतानाचा फोटो पाठव!"

असा फोटो कुठून असणार? म्हणून आज सकाळी अंगणात मी पदर खोचून खाली बसले आणि थोरल्याला म्हटलं, पळ माझ्या बाजूने. सून मोबाईल धरून उभी. "सासूबाई, कंबर!" म्हणून ओरडत होती. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस तो, धापा टाकत आला, मी घोटा धरला, आणि तुमचा नातू धपकन शेणसड्यावर पालथा. फोटो गेला पोरीला. तुमचा हाराचा फोटो राहू दे दुकानात, तो कुणी काढणार नाय.

हे लिहिलंय ते चौथीतल्या अक्षरात, कुणाला दाखवायचं नाय, चूल पेटवताना जाईल. एक तेवढं सांगते. फोटो पहिल्याच खेपेला छान आला होता, सुनेने दाखवलाही. मी म्हटलं, नीट दिसत नाय, अजून एकदा पळ.