डोंगर वाचला, ताई

प्रिय ताई,

आपण जिंकलो. डोंगर, त्यामागचं सगळं रान आणि पार पलीकडच्या सुळक्यांपर्यंतचा मुलूख आता कायद्यानं राखीव झाला. तिथे खाणीसाठी कुणाला साधी कुदळही मारता येणार नाही. तुझ्या जुन्या कंपनीचा परवाना रद्द. निकाल ऐकून आपल्या वकीलबाई इतक्या हरखल्या, की समोर आलेल्या पहिल्याच काळ्या कोटाला त्यांनी मिठी मारली. तो निघाला कंपनीचा वकील. बिचारा अवघडून उभा राहिला, मग त्यालाही हसू फुटलं.

निकालपत्रात तुझ्या साक्षीचा मोठा उतारा आहे. त्या दिवशी याच वकिलानं तुला कसं कोंडीत पकडलं होतं. कंपनीच्या भूवैज्ञानिक असून कंपनीच्याच विरुद्ध कशा बोलता, असं त्यानं विचारलं आणि तू शांतपणे म्हणालीस, "मी कुणाविरुद्ध बोलत नाही. हा खडक फोडला तर खालचे झरे आटतील, एवढंच सांगतेय." त्यानंतर तुझी नोकरी गेली आणि बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. खाणीचे ट्रक आले की आपल्या गॅरेजला बरे दिवस येणार, असं ते गावभर सांगत फिरले होते. घरच्याच मुलीनं तोंडघशी पाडलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. तू शहरात निघालीस तेव्हा ते गॅरेजात एका गाडीखाली पडून राहिले, बाहेर आलेच नाहीत.

निकाल त्यांना मीच सांगितला. नुसतं हं म्हणाले. पण रविवारी कुणाला न सांगता डोंगरावर गेले, त्या झऱ्यांपाशी. गुडघ्यापर्यंत भिजून परतले आणि जेवताना आईला सांगत बसले, भर उन्हाळ्यात काय गार पाणी आहे म्हणून. आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. हो, आणि रानाच्या नव्या कार्यालयाला झऱ्यांवर लक्ष ठेवायला जाणकार माणूस हवाय. वकीलबाईंनी तुझं नाव परस्पर सुचवलंय. रागावू नकोस.

निकाल तुला एव्हाना कळला असेलच, तेवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे आहेत, ग्रीजचा वास येतोय. ताईला लिही म्हणून सकाळपासून मागे लागलेत. तुमचं चुकलं असं लिहू का, विचारलं, तर खेकसले. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "तिची खोली रंगवलीय म्हणावं. रंगही वाळलाय. ये म्हणावं."

तुझीच,
धाकटी