पृष्ठे ९७ ते ११२ आणि माझी इतर मिळकत

मी, सिराज शमशुद्दीन मोमीन, वय वर्षे सव्वीस, शिक्षण सातवी पास (आठवीत बसलो होतो, पण त्यांनी फार वेळ बसू दिलं नाही), धंदा पुस्तक-बांधणी, कायम राहणार नारायण पेठ, पुणे, सध्या नोकरीनिमित्त मस्कत, या कागदावर लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. खरं तर सहा वर्षांत पहिल्यांदाच ठिकाणावर आलं आहे. प्रकृती ठणठणीत. कोणाचंही दडपण नाही. खोलीतला सोबती नासिर "चल, जेवण गार होतंय" म्हणून दोनदा ओरडून गेला, पण त्याला दडपण म्हणत नाहीत.

आमच्या प्रेसने सगळ्या परदेशी कामगारांकडून एक फॉर्म भरून घेतला. माणूस मेला तर सामान कोणाला द्यायचं, आणि लिहायला जागा दोन ओळींची. दोन ओळींत मी मावत नाही. शिवाय परवा एक अशी गोष्ट घडली की तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. हेसुद्धा उभ्यानेच, कागद कापायच्या मशीनवर वही टेकवून लिहितो आहे.

हे मृत्युपत्र माझे अब्बा शमशुद्दीन आणि शेजारचे दिगंबरकाका आगटे, दोघांनी एकत्र बसून ऐकायचं आहे. होय, एकत्र. दोघे सहा वर्षं बोलत नाहीत हे मला माहीत आहे. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कलम १. माझी बहीण शकीला हिला मी व्यवस्थापक नेमतो. तिने हे मोठ्याने वाचावं. मध्ये कोणी उठायला लागलं तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं. ही धमकी तिला चांगली जमते. शुद्धलेखनाच्या चुका काकांनी लाल शाईने दुरुस्त कराव्यात, त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली आहेत आणि त्यांना राहवणार नाही. मजकूर मात्र बदलू नये.

कलम २. घर माझ्या नावावर नाही. बँकेत जे असेल ते अम्मी हुस्नबानू हिचं. आकडा लिहीत नाही, कारण साक्षीदार नासिर आहे.

कलम ३. हत्यारं. कातडं कापायची रापी आणि दाभण अब्बांचीच होती, येताना मी पळवली, ती परत करतो. पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी नावं उठवायची पितळी अक्षरं शकीलाला द्यावीत, तिचा हात स्थिर आहे. त्यातला 'ळ' झिजला आहे. आपल्या पेठेत तो फार लागतो. घरी ठेवलेली हाडाची पट्टी कोणालाच देत नाही, तिचं काम कलम ९ मध्ये आहे.

कलम ४. पुण्याच्या घरी खाटेखालच्या ट्रंकेत माझी एकेचाळीस पुस्तकं आहेत. सगळी चित्रांची, गाण्याबजावण्याची आणि फोटोंची. कोणी पुठ्ठा फाटला म्हणून टाकलेली, कोणी दुकानात देऊन न्यायला विसरलेली. इंग्रजी, जर्मन, जपानी, बंगाली. मला यातली एकही भाषा येत नाही, त्यामुळे सगळी सारखीच वाचता येतात! जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, अब्बांच्या उर्दू किताबांसारखं, म्हणून पहिल्या दिवशीच ते घरचं वाटलं. वाद्यांच्या पुस्तकात एक वीणा मधोमध चिरून दाखवली आहे. आत काय असतं? काही नाही. नुसती पोकळी! आवाज तिथून येतो हे बघून मी दुकानातून रस्त्यावर पळत गेलो होतो, कोणाला तरी सांगायला. रस्त्यावर भाजीवाल्या सोजरबाई होत्या, त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. मेथी घेणार का?"

हे वाद्यांचं पुस्तक सोजरबाईंना द्यावं. त्या हसतील. हसू द्यावं.

ज्या पुस्तकात हिरवा सूर्य काढलेला आहे ते आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या गुरुजींना. त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं, "मोमीन, सूर्य हिरवा असतो काय रे?" म्हणून. ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवावं आणि काही न बोलता निघून यावं. एवढी एकच दुष्मनी माझ्या नावावर शिल्लक आहे, ती अशी फिटेल.

बाकीची सगळी पुस्तकं वाचनालयातल्या उल्का गद्रे यांना. त्या एकदा मला म्हणाल्या होत्या, "तुम्ही वाचत नाही हो, नुसती बघता." त्याचं उत्तर आता देतो. रोज एक पान उघडा, फोटोखालचं नाव हाताने झाका, आणि माणूस ओळखीचा वाटेपर्यंत हात उचलू नका. मी हेच करतो. याला काय म्हणतात ते तुम्ही शिकलेल्या, तुम्ही ठरवा. (शकीला, इथे हसू नकोस. पुढे वाच.)

कलम ५. या एकेचाळिसांत माझी चित्रवही धरलेली नाही. रद्दीत आलेली सुटी चित्रं जमवून मी स्वतः बांधलेली, लाल कापडाची वही, तीही त्याच ट्रंकेत आहे. ती कोणालाही देऊ नये. कलम ७ वाचून होईपर्यंत तिला हातसुद्धा लावू नये.

कलम ६. परवा काय घडलं ते. आमच्या प्रेसमध्ये मोठाली चित्रांची पुस्तकं छापतात. अब्बा, तुम्ही हे बघायला हवं होतं! कागदावर आधी पिवळा येतो, मग लाल, मग निळा, तोवर सगळं धुक्यात असल्यासारखं. शेवटी काळा येतो आणि फोटोतला माणूस डोळे उघडतो. मी चार वर्षं बघतोय, अजून दर वेळी "आला!" म्हणून ओरडतो. मशीनवाला यज्ञेश्वर आता माझ्याआधी ओरडतो.

तर परवा तिथे एक जुनं पुस्तक दुरुस्तीला आलं. मी त्याचा पुठ्ठा सोडवला, आणि आतून एक घोडा निघाला. छापील घोडा, अख्खा. कुठल्या तरी जुन्या बांधणाऱ्याने पुठ्ठा जाड करायला रद्दीतलं चित्र आत भरलं होतं. आपण सगळेच भरतो. मी त्या घोड्याकडे बघत होतो आणि एकदम माझ्या हातातून रापी खाली पडली.

कलम ७. दिगंबरकाका, आता आपण चष्मा पुसून घ्यावा.

सहा वर्षांपूर्वी आपलं हातांचं पुस्तक आमच्याकडे आलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या नुसत्या हातांचे फोटो, चेहरा एकही नाही. पृष्ठ १०३ वर तंबोऱ्यावरचा हात. खाली छापलंय 'तंबोरा, पुणे'. नाव नाही. पण आम्हाला माहीत होतं. अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग असलेला तो हात सरोजिनीकाकूंचा. काकू गेल्यानंतर आपण ते पान इतक्या वेळा उघडलंत की पुस्तकाची शिवण सुटली, म्हणूनच ते आमच्याकडे आलं.

पुस्तक सुटं केलं की सोळा-सोळा पृष्ठांच्या घड्या होतात, त्यांना आम्ही फर्मे म्हणतो. शिवण्याआधी फर्मे मोजायचे, हा पहिला नियम. त्या दिवशी गुरुवार होता, म्हणजे वीज नव्हती. अब्बांनी माळ्यावरून विचारलं, "मोजलंस?" मी म्हणालो, "मोजलं."

मोजलं नव्हतं. मी माझ्या चित्रवहीचा पुठ्ठा करत होतो आणि सगळा जीव त्यात होता.

पुढचं आपल्याला पाठ आहे. आपण पुस्तक न्यायला आलात, दारातच उघडलंत. पृष्ठ ९६, आणि त्यानंतर ११३. आपण म्हणालात, "शमशुद्दीन, बांधणी उत्तम झाली. पुस्तक कुठे आहे?"

अब्बा म्हणाले, "मोजणी माझी होती, पंत. चूक माझी आहे." माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी वीस वर्षांचा घोडा, तोंड मिटून उभा राहिलो. तीन दिवस अब्बांनी दुकानातली पोती उपसली. चौथ्या दिवशी आपण आलात आणि म्हणालात, "चिरंजीवांना चित्रं जमवायचा नाद आहे ना? वही बघू." आणि माझी चित्रवही पान अन् पान चाळलीत, दोनदा. त्यात तो फोटो नव्हता. अब्बांनी वही आपल्या हातातून काढून घेतली. "पंत, माझ्या मुलाची झडती झाली. आता आपण या."

वीस वर्षं दोघांनी एका रेडिओवर गाणं ऐकलं होतं, ते त्या दिवशी संपलं. आपण दारावर पाटी लावलीत: 'या घरातील पुस्तकाची पृष्ठे ९७ ते ११२ सापडल्यास आणून द्यावीत. न सापडल्यास विचारपूस करू नये.' गल्लीत फोन एकट्या आपल्याकडे, त्यामुळे मी इथे आल्यापासून अम्मीने माझा आवाज ऐकलेला नाही. म्हणूनच ही बातमीसुद्धा पोस्टाने येते आहे, नाहीतर परवाच ओरडून सांगितली असती.

काका, आपला संशय बरोबर होता. आपण फक्त पानं चाळलीत. पुठ्ठा चाळायला हवा होता!

त्या फर्म्याच्या शेवटच्या पृष्ठावर फोटो नाही, नुसता काळा रंग आहे. काळी बाजू वर करून तो माझ्यासमोर पडला होता. अंधारात मला तो वाया गेलेला कागद वाटला. घडी न उलगडता, जसाच्या तसा, मी तो मागच्या पुठ्ठ्यात भरला आणि वरून अस्तर चिकटवलं. शकीला, तू कायम म्हणायचीस ना, "तुझ्या वहीला गालगुंड झालंय"? तेच ते. मागच्या बाजूचा फुगवटा. त्यात पृष्ठे ९७ ते ११२ आहेत!

आणि आता अब्बांची गोष्ट. मी तेव्हा बाजारातला पांढरा गोंद वापरा म्हणून रोज भांडायचो. वेळ वाचतो, कायमचं चिकटतं. अब्बा म्हणायचे, "कायमचं कशाला? चुकलं तर सोडवता आलं पाहिजे." त्या दिवशी त्यांनी माझा गोंदाचा डबा लपवून ठेवला होता. मी चिडून पिठाची खळ वापरली. खळ पाण्याने सुटते. गोंद असता तर आज मी हे लिहिलंच नसतं.

कलम ८. गोंदाचा डबा लपवल्याबद्दल मी अब्बांवर धरलेला राग या मृत्युपत्रान्वये रद्द करतो. 'मोजलं' हे माझं तेव्हाचं बोलणं खोटं होतं आणि मोजणी माझी होती, हे सही करून लिहून देतो. अब्बांनी घेतलेली चूक त्यांनी मला परत द्यावी. ती माझी मालमत्ता आहे.

कलम ९. हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता, वाचून होताच अमलात आणावं. नासिरचं म्हणणं, "अरे, मृत्युपत्र मेल्यावर उघडतात." मी म्हणालो, "मग साधं पत्र लिहू? अब्बा काकांचं नाव बघून बाजूला ठेवतील आणि काका आमचं. मृत्युपत्र म्हटलं की दोघे धावत येतील." अम्मी, घाबरवल्याबद्दल माफ कर. मी धडधाकट आहे, परवापासून जरा जास्तच.

कृती अशी. चित्रवही उलटी ठेवावी. मागच्या अस्तरावर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं पसरावं. चहा करून पिण्याएवढा वेळ जाऊ द्यावा. चहा दोघांनी घ्यावा. मग हाडाच्या पट्टीने, कोपऱ्यातून नव्हे, लांब कडेने सोडवत जावं. हे काम अब्बांनीच करायचं, दुसऱ्या कोणाचा हात एवढा हलका नाही. अब्बांना मोतीबिंदूमुळे पृष्ठांचे आकडे दिसत नाहीत, ते काकांनी मोठ्याने वाचावेत. काकांनी पट्टीला हात लावू नये. अब्बांनी आकडे सांगायचा प्रयत्न करू नये. फक्त बाहेरची दोन पृष्ठं चिकटलेली आहेत. आतली कोरडी असली पाहिजेत. कापणीत कडेचं थोडं गेलं असेल, पण हात मधोमध आहे, हात गेला नसणार. याची खात्री मी मस्कतहून देऊ शकत नाही, म्हणून तर जीव असा टांगला आहे.

मग फर्मा पुस्तकात शिवावा. आणि या वेळी मोजावं.

पान निघालं तर काकांनी दारावरची पाटी उतरवून मला द्यावी. आतापर्यंत सगळं देतच आलो, ही एकच वस्तू मागतो. ती मी माझ्या खाटेवर लावणार आहे. आणि चित्रवही, पुठ्ठा फाटलेली, काकांकडे राहू द्यावी. आता त्यांनी ती हवी तितक्या वेळा चाळावी.

कलम १०. शुक्रवार, दिनांक २५ मार्च रोजी पुण्यातल्या संध्याकाळी पाच वाजता मी काकांच्या घरी फोन करीन. लाइन मिळेपर्यंत करत राहीन. काकांच्या घरचा फोन त्या दिवशी अब्बांनी उचलावा. हॅलो म्हणू नये. नुसतं 'एकशे तीन' म्हणावं.

हे सर्व मी माझ्या राजीखुशीने लिहिलं, खाली नाव आलं तिथपर्यंत सगळं माझंच आहे.

सही: सिराज शमशुद्दीन मोमीन

साक्षीदार:
१. नासिर इब्राहिम पटवेकर, राहणार मिरज, सध्या मस्कत. (सगळं वाचून सही केली. बँकेचा आकडा मला आधीच माहीत आहे. जेवण गार झालं.)
२. यज्ञेश्वर बाळाराम सुतार, राहणार गडहिंग्लज, सध्या मस्कत. (सिराजने माझ्यासमोर सही केली, उभ्यानेच.)

ठिकाण: मस्कत
दिनांक: ६ मार्च १९८८