गुडघ्याच्या पट्ट्यांचं वाण

पुणे, रथसप्तमी, २००८

ती. स्व. श्रीधरदादास हेमाचा नमस्कार. (साष्टांग नाही, गुडघे वाकत नाहीत, उभ्यानेच गोड मानून घे.) तुझं पित्त आणि दुकान दोन्ही शांत असतील, अशी आशा आहे. पत्र लिहायचं कारण, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

मॉलने कसब्यातली तुझी गिऱ्हाइकं पळवली तेव्हापासून "हेमे, तिथे युनियन काढ, जिरव त्यांची" म्हणून तूच माझ्या मागे लागला होतास. काढली. तुला ठाऊकच आहे, आम्हा विक्रेत्या बायकांना तिथे दिवसभर उभं राहावं लागतं. जरा टेकलं तरी सुपरवायझर खाकरतो. युनियनचे रंगनाथकाका (जुने कारखान्यातले पुढारी, आवाज भोंग्यासारखा) महिनाभर गेटवर पत्रकं वाटत होते आणि पोरी त्यांना बघून रस्ता ओलांडत होत्या. शेवटी मी म्हटलं, काका, तुम्ही घरी बसा. पुण्यातली बाई मीटिंगला येत नाही, हळदीकुंकवाला मात्र अंगात ताप असला तरी येते.

तर घरी हळदीकुंकू केलं. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे न लुटता गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या लुटल्या. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मैनालाही कुंकू लावलं. नवरा नसला म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत. पट्टी हातात पडल्यावर एकेकीची तक्रार बाहेर पडली आणि मी सभासदत्वाचे अर्ज काढले. घोटाळा एवढाच झाला, की रीत म्हणून मी सोसायटीतल्या सगळ्याच बायकांना बोलावलं होतं. त्यात नव्याने राहायला आलेल्या अस्मिताबाई आमच्या मॅनेजरच्या बायको निघाल्या. खोली एकदम गार. त्यांनी पट्टी उलटसुलट पाहिली आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. मैना म्हणाली, "आम्हाला बसू देत नाहीत ना, म्हणून."

"अस्सं," अस्मिताबाई म्हणाल्या. "घरी तर हे पाणी प्यायलाही उठत नाहीत."

सोमवारी आम्ही सगळ्या जणी गणवेशावरून पट्ट्या बांधून मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यांच्या टेबलावर तशीच एक पट्टी आधीपासून होती. आठवड्यात स्टुलं आली. मला फार आनंद झाला, दादा, आणि तुलाही होईल.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
हेमा

ता. क. तुझ्या दुकानातल्या तुळजाबाई आणि बाकीच्या जणीही हळदीकुंकवाला आल्या होत्या. पट्ट्या नेल्या, अर्जही भरले. हे पत्र तुळजाबाईंच्याच हाती पाठवते आहे, उद्या सगळ्यांना घेऊन तुझ्याकडे येते. तू लोडाला टेकून बसतोस ती गादी मागत नाही, साधी स्टुलं मागते.

ता. ता. क. बाहेरच्यांनी आमच्यात लक्ष घालू नये, असं म्हणशील, म्हणून आधीच सांगते. पहिला अर्ज वहिनीचा आहे. लग्न झाल्यापासून ती तुझ्या दुकानात उभी आहे; तिला कुणी बस म्हणालेलं मी तरी ऐकलं नाही.