डब्याचं बटण

ता. १९ फेब्रुवारी

ताई,

नाही, कॅमेरा भंगार नव्हता. तीन पत्रं झाली, तुझं तेच चाललंय, "तू भंगार पाठवलंस आणि बाबांनी त्याची माती केली." अर्धं बोलणं मला, अर्धं बाबांना. माझ्या वाटणीचं मी ऐकून घेतो. बाबांच्या वाटणीचं आता ऐकवत नाही, म्हणून लिहायला बसलोय. तू बरी असशील, भाऊजींची पाठ थांबली असेल दुखायची. मी ठीक. अंगठा सोडून.

अंगठ्याचं सांगतो. खोकी उचलायच्या कामावरून मला बटणांच्या टेबलावर घेतलंय. तयार कॅमेरे येतात. एकेक बटण दाबायचं, टक् असं लागलं की पुढे ढकलायचा, नाही लागलं तर बाजूला. एका कॅमेऱ्याला अकरा बटणं, दिवसाला दोनशेच्या वर कॅमेरे. हिशोब तू कर, मला शाळेतही जमला नाही. संध्याकाळी शर्टाची गुंडी काढायची तर दुसऱ्या हातानं काढतो.

पण एक कळलं. ही बटणं करणाऱ्यानं बाबांसारख्या माणसाचा हात कधी पाहिलेलाच नाही. डाळीच्या दाण्याएवढी, एकमेकांना खेटून. फोटो बघायचं आणि फोटो पुसायचं शेजारी शेजारी, एकाच मापाची. बोटाला फरक कळत नाही. बाबांच्या जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यात कसं, रीळ पुढे घ्यायचा खटका वेगळा, झाकण उघडायचा वेगळा, डोळे मिटले तरी हात बरोबर जायचा. मी मुकादमाला म्हटलं, "साहेब, पुसायचं बटण जरा लांब तरी ठेवा. आमच्या बाबांचा अंगठा दोन्हींवर एकदम बसतो." तो म्हणाला, "तुझ्या बाबांसाठी वेगळा कारखाना काढू का?" सगळे हसले. मीही हसलो.

अंगठ्याचंच लिहीत बसलो बघ. बाबांनी काढलेले मास्तरांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो अंगठ्यामुळे पुसले गेले नाहीत, ताई.

त्या दिवशी लग्नातून बाबांचा मला फोन आला होता. मी तेव्हा खोक्यांवरच होतो, जेवणाच्या रांगेत उभा, मागेपुढे पोरं. बाबा म्हणाले, "अरे, सगळे फोटो झाले. आता सांभाळून ठेवायचे कसे? इथे एका बटणावर डब्याचं चित्र आहे, झाकणाचा डबा." वरची अक्षरं त्यांना येत नाहीत, मलाही येत नाहीत. मला 'ठाऊक नाही' म्हणता आलं असतं. पण पोरं ऐकत होती, आणि मी कॅमेऱ्याच्या कारखान्यात आहे म्हणून घरी केवढी ऐट. म्हटलं, "तेच की. डब्यात ठेवायचं म्हणजे जपून ठेवायचं. दाबा." आपल्या घरी डब्यात दुसरं काय करतात, तूच सांग.

"दाबलं. काहीतरी विचारतंय रे."

"हो म्हणा."

"परत विचारतंय."

"अहो बाबा, हो म्हणा की! माझी रांग चाललीय पुढे."

मशीननं दोनदा विचारलं. मी कुणाला एकदाही विचारलं नाही.

या टेबलावर बसवलं त्या पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईनं सांगितलं, डबा म्हणजे कचऱ्याचा. त्याला चार महिने झाले. तोवर तू मास्तरांच्या दारात जाऊन माफी मागून आलेली, कॅमेरा कपाटात टाकून किल्ली स्वतःकडे ठेवलेली. आणि अजून येईल त्याला सांगतेस, बाबांना आता हे झेपत नाही. बाबा एकदाही म्हणाले नाहीत की धाकट्यानं सांगितलं होतं. परवा फोनवर मीच विचारलं, ताईला का नाही बोललात? तर म्हणतात, "बटण मी दाबलं ना? तू तिथे नीट जेवतोस का?"

मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मास्तरांना वेगळं लिहिलंय, जमलं तसं. अक्षर आणि चुका बघून निदान पत्र माझंच आहे हे त्यांना पटेल, चौथीपर्यंत त्यांनीच मला मारलंय.

तू एवढंच कर. कपाट उघड. डब्याच्या बटणावर तुझ्या नेलपॉलिशचा ठिपका लाव, चांगला जाड, न बघता बोटाला लागेल असा. आणि कॅमेरा बाबांना दे. पण नुसता देऊ नकोस, ते घेणार नाहीत. तुझं ऐकून ऐकून त्यांनाही वाटायला लागलंय की आपल्याला झेपत नाही. काम आलंय म्हणून दे. गिऱ्हाईक मी. तुम्ही सगळे दारात उभे, असा एक फोटो, मोठा करून मला पाठवायचा. तूही उभी राहा, तोंड वाकडं न करता. बाबा नको म्हणतील. त्यांना सांग, गिऱ्हाइकानं आगाऊ दिलंय, आता नाही म्हणता येत नाही.

'हो म्हणा' म्हणणारा,
तुझा धाकटा

सोबत बाबांच्या हातात द्यायला आगाऊ, साडेचारशे.