अण्णांचं शेवटचं रिटर्न

मांडवी, रत्नागिरी
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय निलेश,

मोठ्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करायची, पण आज तो लिहायला हात धजत नाही. तू आणि समीक्षा खुशाल असाल असं धरून चालते. समर्थचा खोकला गेला का?

फोन का नाही केला म्हणशील. केला होता की मंगळवारी. तू ‘बोल ताई’ म्हणालास आणि मी तुला मोहोर कसा आहे ते सांगत बसले. मोहोर बरा आहे. आईचे गुडघे तसेच आहेत, आणि तेल चोळून देते म्हटलं की अजूनही माझ्यावरच ओरडते.

ऑफिसात नेहमीचीच तारांबळ. सात तारखेला लोकांचा टीडीएस, अकराला आणि वीसला जीएसटी. एक निस्तरावं तोवर दुसरं दारात उभं. यमुनाबाई अजून कोकमाच्या पिशवीतूनच बिलं आणते, त्यामुळे माझ्या टेबलालाही आंबट वास लागलाय. लवूच्या दोन बोटी आणि एकच मंत्र: “वाढंल गो तारीख. दरवर्षी वाढते, औंदा काय झालं?” मी त्याला चार लोकांत झापते. “सरकार तुझा सासरा आहे काय रे, तुझ्यासाठी थांबायला?” तो हसतो. लोक म्हणतात, ताईंकडे कागद दिले की तारीख चुकत नाही. हे ऐकायला मला फार आवडायचं.

तू शिमग्याला येणार नाहीस असं आईला कळवलंस. आईने फोन ठेवला आणि ताट तसंच सारून उठली. पत्र लिहायचं कारण तेच आहे. आता आडवळण पुरे.

अण्णांचं शेवटचं रिटर्न मी भरलंच नाही.

त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, त्या बिलांतून कंपनीने कापलेला कर परत मिळायचा होता. त्यातून शिमग्यात निघणाऱ्या देवीच्या पालखीला लहानसं चांदीचं छत्र करायचं, असं आईने मनात धरलं होतं. त्यांच्या शेवटच्या कमाईतलं काहीतरी देवीच्या डोक्यावर असावं, एवढीच तिची हौस. जुलैची तारीख सप्टेंबरवर गेली, तीही गेली. दंड भरून भरायला डिसेंबरअखेरपर्यंत मुभा असते, तीही गेली. आता साध्या मार्गाने तो परतावा मिळत नाही.

मला विसर पडला नव्हता. विसरले असते तर बरं झालं असतं. गेलेल्या माणसाचं रिटर्न भरायचं तर वारस म्हणून आधी नोंद करावी लागते, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची नाहरकत जोडावी लागते. मी किती लोकांची ही नोंद केली आहे! समोर बसलेल्या बाईला पदर डोळ्यांना लावायला वेळ द्यायचा आणि आपण पुढचं पान उघडायचं. अण्णांच्या वेळी मात्र ते पान उघडायचे आणि बंद करायचे. त्यांचा मोबाइल मी चार्ज करून ठेवते, तुला ठाऊक नाही. आयकर खात्याचे मेसेज त्यावर येत राहिले, त्यांच्या नावाने, तुमचं रिटर्न बाकी आहे म्हणून. सगळ्या जगाने त्यांचं नाव पुसलं होतं आणि इथे कुणीतरी अजून त्यांची वाट बघत होतं. मी लवूपेक्षा वाईट निघाले. पुन्हा तारीख वाढेल म्हणून बसून राहिले.

एवढंच असतं तर तू मला माफ केलं असतंस. पुढचं वाच.

गणपतीत आईने विचारलं, छत्राचं काय झालं? मी म्हटलं, निलेशची नाहरकत अजून आली नाही. पटकन तोंडातून गेलं. तू तर जूनमध्येच सही करून पाठवली होतीस. दिवाळीत तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी विचार करून. त्या रात्रीच ती तुला फोनवर म्हणाली ना, “बापासाठी तुला कधी वेळ झालाय?” मी शेजारीच बसून वाती वळत होते.

तुला वाटलं, अण्णा गेले तेव्हा तू वेळेवर पोचला नाहीस त्याबद्दल ती बोलली. म्हणून तू एक शब्द उलट बोलला नाहीस. ती सहीबद्दल बोलत होती, निलेश. तू न केलेल्या चुकीबद्दल. आणि तुझ्या गप्प बसण्याने तिला खात्री पटली. मला सगळं कळत होतं. मी नुसती वाती वळत राहिले. लाज वाटते रे. दुकानदारांना पाच मिनिटांच्या उशिरावरून बोलते मी.

आज सकाळी आईला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “माझ्या तोंडातून बोललंस गो तू त्याला.” मग म्हणाली, “आता मी कुठल्या तोंडाने फोन लावू?” तेव्हापासून मागच्या दारी बसली आहे.

दुपारी मी वारसाच्या नोंदीचा फॉर्म भरून पाठवला. झाला, काही मिनिटांत. उशीर माफ करावा असा अर्ज वरच्या अधिकाऱ्याकडे करता येतो, तो लिहायला घेतला. मंजूर होईलच असं नाही. त्यात उशिराचं कारण द्यावं लागतं. गिऱ्हाइकांसाठी मी आजारपण लिहिते, इंटरनेट लिहिते, कधी पूरही लिहिला आहे. या वेळी लिहिलं: ‘दुसरे वारस, मुलगा निलेश, यांनी सही वेळेत दिली होती. उशीर फक्त अर्जदार मुलीचा आहे.’ खाली सही केली आणि आईला वाचून दाखवलं. तिने तुझ्या नावाची ओळ पुन्हा वाचायला लावली.

शिमग्याला ये. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर नको बोलूस. पण त्याआधी, हे पत्र मिळालं की आईला फोन कर. ती करणार नाही, तिला तुझ्याशी बोलायची लाज वाटते. ती लाज माझी आहे, आणि ती एवढ्या म्हातारपणी तिच्या अंगावर मी घातली आहे. तेवढी तू उतरव. माझी राहू दे.

ताई म्हणशील तर तुझीच,
ताई