पंधरा तासांची वाट

आबा,

काल माझ्या मुलीने शाळेसाठी टोरांटो ते मुंबईचं अंतर फोनवर शोधलं. साडेबारा हजार किलोमीटर, विमानाने साधारण पंधरा तास. "एवढंच?" ती म्हणाली. मी चपातीला तूप लावत होते, हात तिथेच थांबला. तुम्हीही तसंच म्हणाला होतात. "पंधराच तास?"

म्हसावदच्या शाळेत तुम्ही आम्हाला काळ-काम-वेगाची गणितं शिकवायचात. एकदा सुरतच्या गाडीच्या गणितात मी मधल्या स्टेशनांचे थांबे धरले नाहीत, तर भर वर्गात माझी वही परत केलीत. "गाडी काय हवेतून जाते का?" सगळे हसले. आठवडाभर मी घरातही तुमच्याशी बोलले नाही. आणि पुढे मी इथे टोरांटोत असताना आईला नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तुम्ही फोनवर विचारलंत, "निंघनी का? कितला तास लागतीन?" मी म्हटलं, निघालेच आहे, पंधरा तास. विमानतळावरचा वेळ, मुंबईहून नंदुरबारची गाडी, काहीच धरलं नाही. थांबे मोजायला लावणारे तुम्ही, पण त्या दिवशी तुम्हीही मोजले नाहीत. तोच आकडा आईला सांगितलात.

पुढचं मला शेजारच्या काकूंकडून कळलं. आई डोळे उघडून विचारायची, "पोर उनी का?" तुम्ही घड्याळ बघून म्हणायचात, "येई ऱ्हायनी. सकाय सांजले आठे ऱ्हाई." उद्याच्या सांजेला मी तिथे पोचलेली असेन, हा तुमचा हिशोब. ती सांज आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आईने विचारणंच सोडलं. तुम्ही मात्र दाराकडे बघत बसला होतात.

मी नंदुरबारला गाडीतून उतरते तेव्हा तुम्ही फलाटावर एकटे उभे आहात. सदरा चुरगळलेला, दाढी वाढलेली. हवेत मिरचीचा खकाणा आहे. तुमचे डोळे त्यानेच लाल झालेत, असं मी स्वतःला समजावते. "तिले घरच ठेवेल शे," तुम्ही एवढंच म्हणता. माझ्यासाठी अंत्यविधी थांबवून आईला घरीच ठेवलं होतंत. म्हसावदकडे जाताना, तापीच्या पुलावर, मी म्हणते, "विमान लेट झालं, आबा." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता. "विमान काय आपला हातमा ऱ्हास का?"

त्यानंतर तुम्ही सहा वर्षं होतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, विमानाने घात केला, नाहीतर पोर पोचली असती. सुट्टीत मी आले की तिथेच बसून ऐकायची. माझी बाजू घेताना तुमचा आवाज चढायचा. तेव्हा मला उठून निघून जावंसं वाटायचं, पण गेले नाही. खरंही बोलले नाही. आता तुम्हाला जाऊनही बरीच वर्षं झाली. हा कागद कुठेच जाणार नाही, म्हणूनच लिहायला धजते आहे.

विमान वेळेवर होतं, आबा. आदल्या दिवशीच्या विमानातही जागा होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नोकरीची मुलाखत होती आणि आई दोन-चार दिवस काढेल, असं मी मनाशी धरलं. तुमचा फोन आला तेव्हा मी घरात मुलाखतीचे कपडे इस्त्री करत होते.

नोकरी मिळाली. अजून तिथेच आहे.